बग्गीचे सोने आणि बग्गीच्या कमानी

ग्वाल्हेरात चार चाकांची कोणतीही घोडागाडी म्हणजे बग्गी आणि दोन चाकांची म्हणजे टांगा, एवढ्यावर आपले वर्गीकरण संपते. जयविलास महालाच्या संग्रहालयात जुन्या बग्ग्या, पालख्या आणि मेणे मांडलेले आहेत. तिथे बाहेरगावच्या पाहुण्यांना घेऊन जाण्याचे काम आमच्या घरी बहुधा माझ्याकडे असते. पाहुण्यांची नजर मुलाम्यावर, मखमलीवर आणि काचेच्या कंदिलांवर फिरते, कुणीतरी "यात किती किलो चांदी असेल हो?" असे विचारतो आणि मंडळी दरबार हॉलमधल्या झुंबरांकडे निघतात. सोने-चांदी कोणत्याही गाडीला लावता येते, त्यामुळे गाडीविषयी सर्वांत कमी माहिती तीच देते, असे माझे मत होत गेले आहे. गाडी कोणासाठी आणि कशासाठी बनवली हे समजून घ्यायचे असेल, तर तिचा साटा, म्हणजे माणसे बसतात तो भाग, कशावर टांगला आहे, टप कसा उघडतो आणि लगाम हातात घेणारा माणूस कुठे बसतो, हे पाहावे.

आधी खाली वाकून पाहू. हंगेरीत कोच नावाचे एक गाव आहे. तिथल्या कारागिरांनी पंधराव्या शतकात बनवलेल्या हलक्या प्रवासी गाड्या इतक्या नावाजल्या, की गावाचेच नाव गाड्यांना पडले आणि युरोपभर पसरले. त्यानंतर बराच काळ युरोपातल्या उमरावांच्या गाडीचा साटा चामड्याच्या जाड पट्ट्यांनी चौकटीला टांगलेला असे. धक्के काही प्रमाणात कमी होत, पण त्यांच्या जागी झोके येत, आणि चार घटका अशा गाडीत बसलेल्या माणसाला बोट लागल्यासारखे होई. या पद्धतीचा सर्वांत प्रसिद्ध आणि अजून चालता असलेला नमुना म्हणजे इंग्लंडच्या राजघराण्याची १७६२ सालची सोनेरी राजगाडी. तिचे वजन सुमारे ४ टन आहे, तिला ८ घोडे जुंपावे लागतात आणि ते चालण्याच्या गतीनेच तिला ओढू शकतात. २०२३ मध्ये राजे चार्ल्स राज्याभिषेकासाठी जाताना तिच्यात बसले नाहीत. ते ऑस्ट्रेलियात बनलेल्या, वातानुकूलन असलेल्या नव्या राजगाडीतून गेले आणि येताना मात्र जुन्या गाडीतून आले. परंपरा पाळायची आणि कंबरही सांभाळायची, याची ही तडजोड मला समजूतदार वाटते.

सतराव्या शतकात ब्रांडेनबुर्गच्या दरबारासाठी बनलेल्या बर्लिन नावाच्या गाडीने पहिली मोठी सुधारणा केली. तोपर्यंत पुढचा आणि मागचा कणा मधल्या एकाच जाड तुळईने जोडलेला असे, आणि ती तुळई मोडली की गाडी आडवी होत असे. बर्लिनमध्ये एकाऐवजी दोन तुळया बसवल्या गेल्या आणि साटा त्यांच्यामध्ये खाली उतरला, त्यामुळे गाडी उलटण्याचे भय कमी झाले. खरी क्रांती मात्र १८०४ साली ओबडाया इलियट या लंडनच्या कारागिराने केली. पोलादी पाटे एकावर एक रचून, दोन कमानी तोंडाशी तोंड लावून त्याने लंबगोल कमान, म्हणजे स्प्रिंग, तयार केली आणि साटा थेट तिच्यावर बसवला. मधल्या जड तुळईची गरज उरली नाही, त्यामुळे गाडी हलकी झाली, जमिनीजवळ आली आणि एका घोड्यालाही ओढता येऊ लागली. त्याच सुमारास मॅकॅडमच्या पद्धतीने खडी दाबून केलेले सपाट रस्ते इंग्लंडमध्ये वाढू लागले होते. एकोणिसाव्या शतकात घोडागाड्यांच्या नावांचा आणि आकारांचा जो पूर आला, तो या कमानीने आणि या रस्त्यांनी आणला. उमरावांची हौस त्याआधीही कमी नव्हती, फक्त तिला वजनाने बांधून ठेवले होते.

आता टप. गाडीत बसलेला माणूस रस्त्यावरच्या लोकांना दिसावा की दिसू नये, हा प्रश्न गाडी बनवणाऱ्यापुढे नेहमीच असे, आणि चारचाकी गाड्यांचे बहुतेक प्रकार म्हणजे या प्रश्नाची वेगवेगळी उत्तरे आहेत. लँडो ही जर्मनीतल्या त्याच नावाच्या गावावरून ओळखली जाणारी गाडी. तिच्यात चार माणसे समोरासमोर बसतात आणि तिला पुढून व मागून असे दोन टप असतात. दोन्ही उभे करून मध्ये जोडले की गाडी बंद होते, दोन्ही पाडले की पूर्ण उघडी होते. इंग्लंडसारख्या बेभरवशाच्या हवेत मिरवणुकीसाठी याहून सोयीची गाडी सापडणे कठीण होते. २२ जून १८९७ रोजी राणी व्हिक्टोरियाच्या हीरकमहोत्सवी मिरवणुकीत वापरली ती उघडी लँडोच होती आणि तिला आठ मलईरंगी घोडे जुंपले होते. बरूश हीदेखील तशीच ऐटीची गाडी, पण तिला टप एकच, तोही मागच्या बैठकीपुरता. म्हणजे ही चांगल्या हवेची, उन्हाळ्यात संध्याकाळी बागेभोवती फेरी मारण्याची गाडी.

याच्या अगदी उलट ब्रूम. इंग्लंडचे माजी लॉर्ड चान्सलर हेन्री ब्रूम यांनी १८३८ मध्ये आपल्यासाठी एक आटोपशीर, बंद, दोन माणसांची आणि एकाच घोड्याची गाडी बनवून घेतली. एवढ्या मोठ्या पदावरच्या माणसाने इतक्या साध्या गाडीतून फिरावे याचे तेव्हा अप्रूप वाटले असणार. पुढे मात्र ज्यांना वेळेवर पोचायचे होते आणि रस्त्याने जाताना कुणाचे मुजरे घ्यायचे नव्हते, अशा साऱ्यांची, विशेषतः डॉक्टरांची, ती आवडती गाडी झाली. व्हिक्टोरिया या दोन टोकांच्या मध्ये बसते: दोन माणसांची ठेंगणी बैठक, मागे पडणारा एक टप, गाडीवानाची जागा पुढे उंचावर आणि पायरी इतकी खाली की लांब झग्यातल्या बाईलाही विनासायास चढता यावे. मुंबईकरांनी ती इतकी आपलीशी केली, की भाड्याच्या घोडागाडीला तिथे व्हिक्टोरिया हेच नाव पडले. २०१५ साली मुंबई उच्च न्यायालयाने हौसेखातर चालणाऱ्या या गाड्या बेकायदा ठरवल्या आणि त्या बंद करण्यासाठी एक वर्षाची मुदत दिली.

दिसणे हेच गाडीचे मुख्य काम असते, याचा सर्वांत चांगला पुरावा मला १९११ च्या दिल्ली दरबारात सापडतो. ७ डिसेंबरला पंचम जॉर्ज बादशहांनी दिल्लीत समारंभपूर्वक प्रवेश केला, तो हत्तीवरून किंवा गाडीतून नव्हे, तर घोड्यावरून, आपल्या अधिकाऱ्यांच्या मेळाव्यात. बादशहा नेमके कोणते हे रस्त्याच्या दुतर्फा उभ्या असलेल्या हजारो लोकांना कळलेच नाही. राणी मेरी गाडीत बसल्या होत्या, म्हणून त्या ओळखू आल्या. पाच दिवसांनी मुख्य दरबाराच्या मंडपात बादशहा उघड्या गाडीतून आले, तेव्हा ही अडचण आली नाही.

हा प्रसंग मराठी वाचकाला थोडा गमतीचाही वाटावा, कारण आपल्याकडे घोड्यावरचा राजा ओळखता येत नाही अशी तक्रार कुणी केली नसती. मराठी दौलतीत मान होता तो घोड्याला, हत्तीवरच्या अंबारीला आणि पालखीला. पालखीचा मान सरकारातून मिळत असे आणि तिच्या खर्चासाठी वेगळी नेमणूकही होत असे. चाकांचे वाहन म्हटले की बैलांचे, आणि ते सामानासाठी किंवा बायकामुलांच्या प्रवासासाठी. दौलतराव शिंद्यांनी १८१० च्या सुमारास किल्ल्याच्या पायथ्याशी ज्या छावणीचा तळ टाकला आणि जिचे पुढे लष्कर नावाचे शहर झाले, ती छावणी घोडदळाची होती. इथल्या सरदारांना चारचाकी बग्गीत टेकून बसणे प्रतिष्ठेचे वाटू लागायला इंग्रजांचा सहवास आणि बऱ्यापैकी रस्ते, दोन्ही लागले. तरीही बग्गीने हत्तीची जागा घेतली नाही. ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर हत्ती पौराच्या वाटेने जाणारा चढ पाहिला, की घोडे जुंपलेली गाडी तिथे कशी निरुपयोगी ठरत असेल हे लगेच ध्यानात येते. बग्गी होती ती खालच्या सपाट शहरातल्या सरळ रस्त्यांसाठी.

जयाजीराव महाराजांनी मायकेल फिलोज यांच्याकडून बांधून घेतलेला जयविलास महाल १८७४ मध्ये पुरा झाला, आणि १८७६ च्या आरंभी इंग्लंडचे युवराज तिथे पाहुणे म्हणून आले. आग्र्याहून ग्वाल्हेरला रेल्वे पोचली ती १८८१ साली. म्हणजे युवराजांचा प्रवास धोलपूर आणि चंबळ ओलांडून रस्त्यानेच झाला. सव्वाशे किलोमीटरच्या आसपासचे हे अंतर घोड्यांच्या एकाच जोडीने काटणे शक्य नसते. अशा प्रवासात ठरावीक टप्प्यांवर ताजे घोडे, त्यांची निगा राखणारे मोतद्दार, घोड्यांची चंदी म्हणजे दाणा आणि पाणी तयार ठेवावे लागे. संग्रहालयात आपण गाडी पाहतो, पण तिच्यामागे राबणारी पागा, नालबंद, सुतार, चर्मकार आणि तोबरे भरणारी माणसे कोणत्याच दालनात दिसत नाहीत. घोडा बाळगणे हे गाडी बाळगण्यापेक्षा कितीतरी महाग काम होते. जड गाड्यांसाठी ऑस्ट्रेलियातून आणलेले वेलर जातीचे उंच घोडे हिंदुस्थानात मोठ्या संख्येने येत. त्यांतून एका रंगाची, एका उंचीची आणि एका चालीची जोडी जमवणे ही वेगळीच कसोटी होती.

तिसरी खूण लगामाची. गाडी मालक स्वतः हाकतो की नोकर, यावरून गाडीचा सारा आकार बदलतो. फिटन ही मालकाने स्वतः हाकायची गाडी. ग्रीक पुराणात सूर्याचा रथ हट्टाने हाकायला घेऊन अनर्थ करणारा जो फेथॉन, त्याचे नाव तिला मिळाले आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमधल्या तरुण श्रीमंतांनी या गाडीची बैठक इतकी उंच नेली, की ते नाव सार्थ ठरावे. नोकर हाकणार असेल तर त्याच्यासाठी पुढे वेगळी उंच बैठक येते आणि तो उजवीकडे बसतो, कारण उजव्या हातातला चाबूक शेजारच्याला न लागता फिरवता आला पाहिजे. चार घोडे जुंपलेले असतील तर चारही लगाम डाव्या हाताच्या बोटांत धरायचे आणि उजवा हात मोकळा ठेवायचा, ही रीत शिकायला बराच सराव लागे. तिसरा प्रकार सर्वांत दिमाखदार: गाडीवानाची बैठकच काढून टाकायची आणि डावीकडच्या घोड्यावर स्वार बसवून त्याच्याकडून गाडी चालवून घ्यायची. यात गाडीतल्या माणसाच्या आणि गर्दीच्या मध्ये कुणाचीच पाठ येत नाही. इंग्लंडमध्ये १९०२ साली राज्याभिषेकाच्या निमित्ताने बनलेली राजलँडो याच पद्धतीने चालते.

हॅन्समने उलट युक्ती केली. जोसेफ हॅन्सम हे वास्तुविशारद होते. त्यांनी १८३४ मध्ये पेटंट घेतलेल्या दुचाकी गाडीत पुढे इतर कारागिरांनी सुधारणा केल्या आणि गाडीवानाला प्रवाशांच्या मागे, छपरापेक्षा उंच बसवले. लगाम छपरावरून पुढे जात आणि प्रवासी वर असलेल्या झडपेतून गाडीवानाशी बोलत व पैसे देत. लंडनच्या गर्दीत चटकन वळणारी ही भाड्याची गाडी एका घोड्यावर चाले, म्हणून परवडे. साहेबलोकांच्या इतर दुचाकी गाड्यांपैकी डॉगकार्ट आपल्याकडे बरीच दिसे. बैठकीखालच्या हवेशीर पेटीत शिकारी कुत्रे नेण्यासाठी ती मुळात बनली. हिंदुस्थानात तिचा उपयोग छावणीतल्या अधिकाऱ्यांना कचेरी, क्लब आणि शिकार या तिन्हींसाठी झाला.

सार्वजनिक वाहतुकीचा इतिहास मोठा आहे, पण तो इथे थोडक्यातच सांगतो. पाच सू (फ्रेंच नाणे) भाड्याच्या, ठरलेल्या मार्गाने धावणाऱ्या गाड्या पॅरिसमध्ये १६६२ सालीच सुरू झाल्या होत्या, आणि त्या सुरू करणाऱ्यांत गणितज्ञ पास्कल होते. तो प्रयोग टिकला नाही. १७८४ मध्ये जॉन पामर यांनी ब्रिस्टल ते लंडन टपालगाडी सुरू केली आणि तिने ते अंतर सुमारे १६ तासांत कापले. १८२६ मध्ये फ्रान्समधल्या नांत शहरात ऑम्निबस धावू लागली. मुंबईत ९ मे १८७४ रोजी घोड्यांची ट्राम सुरू झाली. पुढे त्या कंपनीच्या पागांत सुमारे ९०० घोडे होते, आणि १९०७ मध्ये विजेची ट्राम येईपर्यंत मुंबई त्यांच्या पायांवर चालली.

ग्वाल्हेरात मात्र सामान्य माणसाचे वाहन एक्का आणि टांगा हेच. दोन्ही दुचाकी, दोन्ही एका घोड्याची, पण एकाच पंगतीत बसवावीत अशी नव्हेत. एक्का म्हणजे कण्यावर ठेवलेला सपाट पाट, चार दांडक्यांवर उभारलेले छत, आणि कमानीचे नाव नाही. त्यावर मांडी घालून बसायचे आणि रस्ता जसा असेल तसा अंगावर घ्यायचा. टांग्याला कमानी असतात, पाठीला पाठ लावलेल्या दोन बैठका असतात आणि वर टप असतो. आमच्या घरात टांगा ठरला की आजोबा पुढे टांगेवाल्याशेजारी बसत. आजी, आई आणि आम्ही मुले मागे, तोंड मागच्या रस्त्याकडे. सोडून आलेल्या घराकडे, दुकानांकडे आणि ओळखीच्या माणसांकडे पाहत जायचे, हे मुलांना फार आवडे. आजी पदर नीट करून मधूनमधून डोळे मिटून घेत असे. ही व्यवस्था रीतीभातीची वाटते, पण तिच्यामागे तोलाचाही विचार असे.

दुचाकी गाडीचे सारे रहस्य तोलात आहे. चारचाकीत वजन चाकेच पेलतात आणि घोड्याने फक्त ओढायचे असते. टांग्यात पुढे वजन जास्त झाले तर दांड्या घोड्याच्या पाठीवर दाबतात, आणि मागे जास्त झाले तर गाडी उलाळ होते, म्हणजे दांड्या वर उठतात आणि पोटाखालचा पट्टा घोड्याला वर खेचू लागतो. चढावर गाडी आपोआप मागे झुकते, उतारावर पुढे. म्हणून चढ लागला की जाणता टांगेवाला मागच्या एखाद्याला पुढे बोलावी किंवा स्वतः दांडीवर सरकून बसे, आणि पुलाचा उतार लागला की मागे रेले. ग्वाल्हेरातल्या कंपू भागाच्या रस्त्याने जाताना "बाबूजी, ज़रा आगे सरक जाइए" हे वाक्य माझ्या लहानपणी इतक्या वेळा कानांवर पडले, की ते टांग्याच्या भाड्यातच धरलेले असते असे मला वाटे.

टांग्याची चाकेही नीट पाहण्याजोगी. चांगले लाकडी चाक सपाट नसते. त्याचे आरे तुंब्यापासून, म्हणजे मधल्या गाभ्यापासून, बाहेरच्या बाजूला किंचित कललेले असतात, आणि चाक उथळ परातीसारखे दिसते. घोडा चालताना गाडीला प्रत्येक पावलागणिक आडवे हिसके बसतात, ते सपाट चाक फार दिवस सोसू शकत नाही. या कलामुळे आरे त्या हिसक्यांना टेकू देतात. वरची लोखंडी धाव, म्हणजे चाकाभोवतीची पट्टी, परिघापेक्षा थोडी लहान करतात, ती तापवून फुगली की चाकावर चढवतात आणि लगेच पाणी ओततात. धाव आकसते आणि आरे, तुंबा, परिघाचे लाकडी पाटे सारे एकमेकांत घट्ट आवळले जातात. यात खिळ्याचे काम फारसे नाही.

टांगा गरिबाचे वाहन म्हणून त्याला कमी लेखण्याची चाल आहे, ती मला पटत नाही. १९०३ मध्ये कालका ते सिमला रेल्वे सुरू होण्यापूर्वी त्या डोंगरी रस्त्यावर माणसे आणि टपाल नेणारे जलद वाहन टांगाच होते. दर काही मैलांवर घोडे बदलून तो वळणावळणांच्या घाटात दौडत जाई, आणि तिथे चारचाकी लँडोचा काही उपयोग नव्हता. लष्करानेही जखमींना नेण्यासाठी टांग्यांचा वापर केला. ठेंगणा, रुंद आणि कमानींवरचा असल्यामुळे खडबडीत मुलखात उलटण्याचे भय त्याला कमी.

मोटार आली तेव्हा गाड्या बनवणारे कारखाने एकदम बंद पडले नाहीत, त्यांनी घोडा तेवढा वगळला. लंडनचे हूपर आणि बार्कर राजघराण्याच्या बग्ग्या बनवीत, तेच रोल्सरॉइसचे साटे बनवू लागले. मद्रासची १८४० सालची सिम्प्सन कंपनी घोडागाड्यांकडून रेल्वेचे डबे आणि मोटारींकडे वळली. जयाजीरावांचे पुत्र, आमच्या माधवराव महाराजांना यंत्रांचे आणि आगगाडीचे वेड होते. जेवणाच्या टेबलावर फिरणारी त्यांची चांदीची आगगाडी आजही पाहुण्यांना बग्ग्यांपेक्षा जास्त थांबवून ठेवते. राष्ट्रीय समारंभात मात्र बग्गीने पुनरागमन केले आहे. व्हाइसरॉयच्या काळापासूनची राष्ट्रपतींची बग्गी १९८४ नंतर मागे पडली होती. २०१४ च्या बीटिंग रिट्रीटला राष्ट्रपती प्रणव मुखर्जी तिच्यातून आले, आणि २६ जानेवारी २०२४ ला राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षांसह तिच्यातूनच कर्तव्य पथावर पोचल्या. फाळणीच्या वेळी ही बग्गी भारताकडे यावी की पाकिस्तानकडे, याचा निकाल नाणे उडवून लागला, अशी कथा सांगितली जाते.

शहरात आज बग्गी उरली आहे ती लग्नाच्या वरातीत. तिचा सांगाडा व्हिक्टोरियाचा असतो, पण टपाच्या जागी थर्माकोलचा मोर किंवा कमळ येते, वजनदार सिंहासन बसवण्यासाठी बैठक इतकी उंच नेलेली असते की पायरीचा उपयोग उरत नाही, आणि लंबगोल कमानींच्या जागी जुन्या जीपचे पाटे व स्कूटरची चाके असतात. दिव्यांसाठी जनरेटर मागून ढकलत आणतात आणि डीजेच्या भिंतीपुढे घोडा डोळ्यांवरच्या झापडांआड कान पाडून उभा असतो. नवरदेव मात्र नीट दिसतो, एवढे काम ती करते. माझ्या पुतण्याच्या लग्नात या विषयावर मी जरा जास्तच बोललो, तेव्हा मंडळींनी मला पुढच्या मोटारीत बसवून दिले.